चिनी वनौषधींचे अर्क तपासताना या चुका टाळा

चिनी वनौषधींवरील प्रयोग अनेकदा चाचणीपर्यंत पोहोचण्याआधीच फसलेला असतो, कारण बाजारातून आणलेल्या चूर्णात नेमकी कोणती वनस्पती आहे, याची खातरजमाच झालेली नसते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रांड्राऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा कायमची दुखावली. दोन्ही वनस्पती चिनी व्यापारात ‘फांगची’ याच नावाने ओळखल्या जातात. म्हणून चूर्ण घेण्याचे शक्यतो टाळावे, अखंड मुळी किंवा फांदी वनस्पतितज्ज्ञाकडून ओळखून घ्यावी, तिचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जपावा आणि प्रत्येक खेपेचा एचपीएलसी (अर्कातील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तंत्राचा) आलेख प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहावा.

अर्क निष्प्रभ ठरला म्हणून वनस्पती लगेच बाद करू नये. १९७१मध्ये मलेरियावर औषध शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला चिंगहाओ या वनस्पतीच्या अर्काचे निकाल कधी चांगले, कधी वाईट मिळत होते. उष्णतेने गुण जात असावा, ही शंका त्यांना चिनी वैद्य को हंग यांच्या चौथ्या शतकातील ग्रंथातल्या पाण्यात भिजवून पिळण्याच्या कृतीवरून आली. सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर वापरताच अर्क उंदरांतील मलेरियावर प्रभावी ठरला. तेव्हा आधी द्रावक आणि तापमान बदलून पाहावे.

सर्वांत फसवी चूक एमटीटी चाचणीत, म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून ओळखण्याच्या चाचणीत होते. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात, पण अर्कातील पॉलिफेनॉल (वनस्पतींत आढळणारी रसायने) हेच काम पेशींशिवायही करू शकतात. मग मेलेल्या पेशीसुद्धा ठणठणीत दिसतात. म्हणून चाचणीच्या ताटलीतील पेशी नसलेल्या काही खळग्यांत केवळ माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून ठेवावे. ते जांभळे झाले, तर एमटीटी घालण्यापूर्वी पेशी बफरने धुऊन घ्याव्यात किंवा थेट पेशींची मोजणी करावी. हा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) न दाखवणाऱ्या आलेखावर आम्ही तरी विश्वास ठेवत नाही.

मात्रेचाही विचार हवा. ह्वांगल्यान या चिनी वनौषधीतील (आणि आपल्या दारूहळदीतीलही) बर्बेरिन हे संयुग तोंडावाटे घेतल्यावर अत्यल्प शोषले जाते आणि रक्तातील त्याचे प्रमाण मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमच्या आसपास राहते. अशा वेळी यकृताच्या पेशींवर पन्नास मायक्रोमोलरला, म्हणजे रक्तातल्यापेक्षा हजारो पट मात्रेला दिसलेला परिणाम माणसाच्या यकृतालाही लागू आहे, असे लिहू नये. आतड्यातील पेशी तपासायच्या असतील, तर मात्र मोठी मात्रा समर्थनीय ठरते, कारण न शोषलेले बर्बेरिन तिथेच राहते.