क्वाड अचानक कलंडायचा, कटऑफ बंद केल्यावर थांबला

माझ्याकडे आलेला जुना क्वाड (चार मोटरींचा ड्रोन) बॅटरी उतरत आली की थ्रॉटल देताच एका बाजूला कलंडायचा. मोटर, प्रॉप, सोल्डरिंग सगळं ठणठणीत. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) मात्र मॉडेल विमानासाठीचे होते. व्होल्टेज घसरलं की ते मोटरची ताकद कापतात; हाच कटऑफ. विमान तरंगत खाली येतं. क्वाडची एकच मोटर मंदावली तरी तोल गेलाच!

स्टिक-बीप प्रोग्रॅमिंगमध्ये (ईएससीच्या बीप ऐकून रिमोटच्या थ्रॉटल स्टिकने सेटिंग निवडणं) बॅटरी लिपो (लिथियम-पॉलिमर) असूनही प्रकार 'निकेल' आणि कटऑफ 'लो' निवडला. माहितीपत्रकानुसार या जोडीत कटऑफ ०%, म्हणजे बंद. चारही ईएससींवर हेच करा.

कटऑफ बंद, मग लिपो जास्त उतरू नये याची राखण फ्लाइट कंट्रोलरकडे (उड्डाण सांभाळणारा बोर्ड) हवीच. त्यावरच्या आर्डूपायलट सॉफ्टवेअरमध्ये ४एस (चार सेलच्या) बॅटरीसाठी १४.० व्होल्टला आरटीएल (उड्डाणाच्या जागी आपोआप परतणं) लावलं. व्होल्टेज सलग १० सेकंद खाली राहिलं तरच ते लागू होतं, त्यामुळे जोरात चढतानाच्या क्षणिक घसरणीने क्वाड मधूनच परत फिरत नाही.