घरशाळेचं वर्ष संपताना: दोन-तीन मुलं घरी शिकत असतील तर या चुका टाळा

एप्रिल सरत आला की नाशिकमधल्या शाळांचे निकाल लागतात आणि घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. शेजारच्या मुलाच्या हातात प्रगतिपुस्तक असतं, आपल्या मुलांच्या हातात काहीच नसतं. मग एखाद्या संध्याकाळी वर्षाचा हिशेब मांडला जातो: किती पुस्तकं झाली, कुठे कुठे फिरून आलो, कोणते क्लास लावले. यादी लांबलचक होते आणि जिवाला जरा बरं वाटतं.

एकच मूल असेल तर हा हिशेब फारसा चुकत नाही. दोन-तीन मुलं असतील तर मात्र हमखास चुकतो, कारण ही यादी अख्ख्या घराची असते. घराचं वर्ष छान गेलेलं असतं, पण त्यात एखाद्या मुलाचं वर्ष कुणाच्या लक्षातही न येता हातचं निघून गेलेलं असतं. बहुतेक वेळा ते मधलं मूल असतं. थोरलीची दहावी जवळ आलेली, धाकटीची अक्षरओळख चाललेली. मधला आपला आपण काहीतरी करत बसतो, कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याचं बरं चाललंय असं आपण धरून चालतो. आमच्या घरी तीन मुलं शिकतात. गंगापूर रोड, इंदिरानगर, पंचवटीकडच्या अशाच काही घरांशी आमचं जाणं-येणं आहे. या सगळ्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे लिहिते आहे.

पुस्तकं संपली म्हणजे वर्ष झालं असं मानणं

बालभारतीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापून घ्या किंवा मोबाइलवर वाचा. त्यामुळे घरी शिकवणाऱ्याला पहिला आधार त्यांचाच असतो आणि तो चांगलाच आहे. गडबड होते ती पुस्तक हेच माप धरल्यामुळे. शेवटच्या पानापर्यंत पोचलो की चौथी झाली, असं वाटू लागतं.

एक उदाहरण जवळून बघा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ३०२ वजा १४७ हे गणित घाला. बरीच मुलं उत्तर २४५ लिहितात. आपण लाल फुली मारतो, "नीट लक्ष दे" म्हणतो, बरोबर उत्तर १५५ सांगतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. पण मुलाचं लक्ष अगदी पक्कं होतं. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: तिनातून एक गेला दोन, चार आणि शून्य आहेत तर चार, सात आणि दोन आहेत तर पाच. त्याने स्वतःचा एक नियम केला आहे आणि तो प्रामाणिकपणे पाळला आहे. ३०२ ही एक संख्या आहे, तीन सुटे अंक नव्हेत, हे त्याला अजून दिसलेलं नाही. याचं मूळ दोन इयत्ता मागे, एकक-दशक-शतकात आहे. तिथे न जाता अशी आणखी पन्नास गणितं दिली तर चुकीचा नियमच पाठ होतो.

उपाय साधा आहे. शंभराच्या तीन नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या. त्यातून १४७ रुपये मागा. तो शंभराची नोट सुटी करून दहाच्या दहा नोटा मागेल, मग त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी मागेल. चार-पाच वेळा हा व्यवहार हाताने झाला की मग वही उघडा. दशक सुटा करणं म्हणजे काय ते आता त्याला सांगावं लागत नाही.

आढावा म्हणून मला हे अपेक्षित आहे. प्रत्येक मुलाची जूनमधली वही आणि एप्रिलमधली वही शेजारी-शेजारी ठेवा. ‘किशोर’ मासिकाचा न वाचलेला अंक काढून त्यातलं एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि काय वाचलं ते त्याच्याच शब्दांत विचारा. एक गणित असं घाला की ते सोडवताना मूल बोलत राहील. एका मुलाला एक अख्खी सकाळ द्या, त्या वेळी बाकीची भावंडं आजीकडे किंवा अंगणात असू द्या. तिघांना ओळीने बसवून प्रश्न विचारले की थोरली उत्तर देते आणि बाकीचे माना डोलावतात.

तिघांना तीन वेळापत्रकं, नाहीतर तिघांना एकच

सुरुवातीला उत्साहात प्रत्येकाला वेगळं वेळापत्रक केलं जातं. तिघांचे पाच-पाच विषय म्हणजे दिवसाला पंधरा तासिका. दिवाळीपर्यंत आईचा आवाज बसतो. मग कंटाळून सगळ्यांना एकाच टेबलाभोवती एकच धडा सुरू होतो आणि धाकटं मूल तिथून सटकतं.

विषयांचे दोन गट पाडले की बराच गुंता सुटतो. गणित आणि वाचन ज्याचं त्याचं वेगळंच हवं, त्यात तडजोड नको. लहानांना वीस मिनिटं पुरतात, मोठ्यांना पाऊण तास. इतिहास, परिसर अभ्यास, विज्ञानातलं निरीक्षण, चित्रकला, गोष्ट वाचून दाखवणं हे सगळं एकत्र चालतं. मात्र एकत्र शिकताना प्रत्येकाच्या हातात त्याच्या वयाचं काम असलं पाहिजे.

पांडवलेणी या नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांचंच घ्या. इतकं जवळ आहे म्हणून आपण वर्षातून एकदा जातो, फोटो काढतो, खाली येऊन भेळ खातो आणि यादीत एक सहल वाढते. तीच जागा नीट वापरता येते. धाकटीला पायऱ्या दहा-दहाच्या गटात मोजायला लावा. मधल्याला एका विहाराचा, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याचा, नकाशा काढू द्या: मधला चौक, तीन बाजूंच्या खोल्या, खोलीतला दगडी ओटा, दाराशी पाण्याचं टाकं. थोरलीला तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात नेऊन गौतमी बलश्रीचा लेख दाखवा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई आपल्या मुलाच्या पराक्रमाबद्दल तिथे बोलते आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, म्हणजे ज्यांचं एकमेकांशी वैर होतं त्या दोन्ही घराण्यांची दानं एकाच डोंगरात कोरलेली. ब्राह्मीचा तक्ता घरून छापून नेला तर थोरली दोन-चार अक्षरं नक्की लावते. पुढे कधी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत सातवाहनांची नाणी पाहिली की हा धागा पुढे जातो. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलात तरी अशीच वाटणी करा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं हे ठिकाण २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मोठ्या मुलांना पाणथळ जागा का जपायची हा प्रश्न तिथे आपोआप पडतो.

घरी आल्यावर तिघांच्या तीन वहीपानांवर वेगवेगळं काही आलं नसेल, तर ती सहल छान झाली एवढंच म्हणायचं. अभ्यासात धरायची नाही.

थोरल्या मुलाला मास्तर करणं

"ताई घेईल तुझा अभ्यास" हे वाक्य आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक आहे. समजावून सांगताना तिचंही पक्कं होतं. पण रोजचं झालं की ताईचे दोन तास जातात, धाकटा तिला जुमानत नाही आणि दोघांचं नातं बिघडतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर तर हा भार फार सहज टाकला जातो. मुलगा थोरला असला तर इतका टाकला जात नाही, हेही मी पाहिलं आहे. ते मला अजिबात पटत नाही.

"दादाला या वयात पाढे यायचे"

हे बोलायचंच नाही. मनात आलं तरी नाही. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या जूनच्या वहीशी करा.

कागदपत्रं "बघू नंतर" म्हणून ठेवून देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. घरी शिकवण्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही. कलम १० पालकांवर मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य टाकतं, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. याच कायद्याचं कलम ४ घरी शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. म्हणजे मध्येच शाळेत परतायचं ठरलं तर आठवीपर्यंत वाट बंद होत नाही. नातेवाईक लग्नकार्यात घाबरवतात तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

दहावीसाठी तीन वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस, आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, आणि राज्य मंडळाची नेहमीची दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देणं. नाशिककरांना शेवटच्या वाटेसाठी नाशिक विभागीय मंडळ गावातच आहे. तिथे जाऊन समोरासमोर विचारता येतं, आणि तसंच विचारावं.

बहुतेक घरं एनआयओएसकडे जातात. त्यात अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. माध्यमिकला, म्हणजे दहावीला, बसायला १४ वर्षं पूर्ण हवीत, त्यामुळे थोरलीची जन्मतारीख आणि परीक्षेचं सत्र दोन वर्षं आधी जुळवून बघा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एप्रिलला बसायचं तर साधारण आदल्या पावसाळ्यातच नोंदणी करावी लागते, म्हणून तारखा संकेतस्थळावर पाहत राहा. जानेवारीत जागे झालात तर अख्खं सत्र जातं. किमान पाच विषय घ्यायचे असतात आणि मराठी माध्यमही मिळतं. विषयाचे स्वाध्याय, ज्यांना तिथे टीएमए म्हणतात, २० टक्के गुणांचे असतात; ते वेळेत न दिल्यामुळे हातातले गुण घालवलेली हुशार मुलं आहेत. पुढे विज्ञान शाखा हवी असण्याची थोडी जरी शक्यता असेल तरी गणित आणि विज्ञान आत्ता सोडू नका. सोपे विषय निवडून टक्के वाढवायचा मोह अकरावीच्या प्रवेशात अंगाशी येतो.

लहानांना कागद हवाच असेल तर एनआयओएसचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क असे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष आहेत. मधल्या मुलासाठी हे उपयोगी पडतं. परीक्षा, हॉल तिकीट, ठरलेल्या वेळेत लिहिणं याची सवय दहावीच्या आधी एकदा होऊन जाते.

प्रत्येक मुलाची वेगळी फाइल ठेवा. जन्मदाखला, आधार, फोटो, आधीच्या शाळेचा दाखला असेल तर तो, वर्षातली निवडक वहीपानं. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हे आजच तपासा. जन्मदाखल्यावरचं एक अक्षर दुरुस्त करायला किती खेटे पडतात ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

शाळेच्या कॅलेंडरला बांधून घेणं

निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागा असलेल्या घरांत जानेवारी ते मार्च म्हणजे काढणीची धांदल. तिथे या महिन्यांत अभ्यास मागे पडतो आणि आढाव्याला आई अपराधी चेहऱ्याने बसते. कशाला? एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर थोडी उसंत मिळते, तेव्हा सकाळचे तीन तास बसता येतं. मुलांनी बागेत वजनं केली, पेट्यांचा हिशेब ठेवला, व्यापाऱ्याशी भाव कसा ठरतो ते ऐकलं, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा म्हणजे झालं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदात, उड्या मारणाऱ्या पोरांना त्या दिवशी पुस्तक दाखवू नये, हे मी वेगळं सांगायला नको.

मे महिना मात्र मोकळा ठेवा. सोसायटीतली सगळी मुलं सुट्टीवर असताना आपली तेवढी घरात बसली तर ती शाळेबद्दल नाही, घराबद्दल कडवट होतात. संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर रोज तीच मुलं भेटत राहिली की "यांना मित्र कसे मिळणार" हा प्रश्नही बराच मागे पडतो.

आईच्या वर्षाचा आढावा न घेणं

बहुतेक घरांत शिकवणारी आईच असते आणि बाबांकडे "रविवारचं विज्ञान" असतं. आढाव्यात मुलांबद्दल दोन तास बोलणं होतं, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. तिची दुपार कुठे गेली, तिचं आजारपण कसं निभावलं, कोणता विषय घेताना तिचा संयम सुटतो, हे लिहून काढा. संयम सुटणारा विषय बाबांकडे, मामाकडे किंवा शिकवणीला जाऊ द्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्या बाबांना दुपारपाळी असली की सकाळ मोकळी मिळते. थोरलीचं गणित त्या सकाळी बसू शकतं. आईने सगळं केलं तरच ती खरी घरशाळा, असा काही नियम नाही.

जूनमध्ये सगळे विषय एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त वाचन आणि गणित घ्या, तेही मधल्या मुलापासून, सकाळी पहिल्या तासाला, थोरली आणि धाकटी उठून आवरेपर्यंत. पाऊस नीट लागला की परिसर अभ्यास आणि विज्ञान काढा. एनआयओएसची नोंदणी करायची असेल तर थोरलीची फाइल त्याच पंधरवड्यात पूर्ण करा आणि पुढच्या आढाव्याची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली धरा, एप्रिलची नको.