डाळिंबाच्या वाणांची तुलना करताय? या चुका टाळा

आटपाडीच्या डाळिंब सौद्यात बोली लागते ती सालीचा रंग, चकाकी आणि फळाचा आकार बघून. व्यापाऱ्याला तेवढं पुरतं. माल लांब पाठवायचा असतो आणि दुकानातलं गिऱ्हाईकही सालच बघतं. पण आटपाडी, जत, कवठेमहांकाळ किंवा तिकडे माण-फलटणच्या पट्ट्यात नवी बाग लावताना, रसाचं युनिट टाकताना, शेजाऱ्याच्या फळाशी आपलं फळ ताडून बघताना हीच सवय अंगलट येते. वाणावाणांत फरक असतोच. मात्र ज्याला आपण वाणाचा फरक म्हणतो, त्यातला बराचसा बहाराचा (म्हणजे पाणी देऊन फुलोरा आणण्याच्या हंगामाचा), काढणीच्या दिवसाचा नाहीतर मोजण्याच्या पद्धतीचा निघतो.

साल लाल, म्हणून दाणा लाल समजणं

सालीतला आणि दाण्यातला लाल रंग अँथोसायनिन या एकाच गटातल्या रंगद्रव्यांचा, तरी दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे तयार होतो. सालीला ऊन लागतं, म्हणून एकाच फळाची उघडी बाजू लाल आणि फांदीआडची बाजू पिवळट राहते. दाण्याच्या रंगावर वाणाखालोखाल हुकूम चालतो तो तापमानाचा. गणेश वाणाची साल पिवळसर, तिच्यावर लालीची झाक, आत गुलाबी दाणा. पण फळ उन्हाळ्याच्या तापात वाढलं की त्याच गणेशचा दाणा पांढरट पडतो. भगव्याची साल जाड, चकचकीत, केशरी-लाल आणि दाणा टपोरा, लाल. मृदुला आणि आरक्ता आतबाहेर गर्द लाल. कंधारी दिसायला रुबाबदार, पण खाताना कडक बी दाताखाली येते.

यातले भगवा, मृदुला आणि आरक्ता ही एकाच घरची भावंडं आहेत. गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ती निवडली. गणेश स्वतः पुण्याचा. गणेशखिंडच्या बागेत १९३६ साली डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी वाणातून तो निवडला होता. मऊ बी गणेशकडून आली, गडद रंग गुल-ए-शाहकडून. आईबाप तेच असूनही सालीची जाडी आणि फळ तयार व्हायला लागणारे दिवस तिघांचे निराळे. त्यामुळे ‘सगळी लाल डाळिंबं सारखीच’ असं कुणी म्हणालं, तर त्याला मृदुला आणि भगवा एकाच क्रेटमध्ये भरून लांबच्या प्रवासाला पाठवायला सांगा. जाड सालीचा भगवा निर्यातीत का टिकला, ते आपोआप कळेल.

नावांचाही गोंधळ आहे. शेंदरी, केसर, अष्टगंधा, मस्तानी ही भगव्याचीच वेगवेगळ्या भागांत रुळलेली नावं. रोपवाटिकेत ‘हा भगवा, आणि ही खास मस्तानी’ असे दोन भाव ऐकलेत, तर जास्तीचे पैसे देण्याआधी मातृवृक्षावरचं फळ कापून बघा. आणि रोप गुटी कलमाचंच (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं) घ्या. बियांपासून केलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही.

वेगवेगळ्या बहारांची फळं एका ताटात

दिघंचीच्या एखाद्या बागेतलं मृग बहाराचं फळ आणि म्हसवडकडचं आंबे बहाराचं फळ शेजारी ठेवून ‘त्यांचा भगवा लाल, आमचा फिकट’ अशी हळहळ करण्यात अर्थ नाही. मृग बहाराला जून-जुलैत पाणी देतात आणि फळ थंडीत पिकतं. रात्री गार असल्या की दाण्याला रंग चांगला भरतो. आंबे बहार धरतात जानेवारी-फेब्रुवारीत. त्याचं फळ एप्रिल-मेचं ऊन झेलून पावसाळ्यात काढणीला येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहाराची गोष्ट आणखी वेगळी. तुलना करायचीच, तर एकाच बहाराची आणि शक्य तर एकाच शिवारातली करा.

काढणीच्या तारखेतही अशीच गफलत होते. भगव्याला फुलापासून साधारण १८० दिवस लागतात, मृदुला आणि आरक्ता त्याआधी तयार होतात. तिन्ही झाडांची फळं एकाच दिवशी तोडली, तर एक तरी वाण कच्चा किंवा जास्त पिकलेला हाती येणार. आंबा अढीत पिकतो, डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. झाडावर असताना साखर जितकी भरली तितकीच. भाव चढलाय म्हणून आठ-पंधरा दिवस आधी तोडलेल्या भगव्याला ‘हा वाणच सपक’ म्हणणं हा त्या वाणावर अन्याय आहे. काढणीच्या तोंडावर भरपूर पाणी दिलं, तरी रस पातळ होतो आणि ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचा आकडा) उतरतो.

ब्रिक्सचा आकडा म्हणजे गोडी, हा समज

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ब्रिक्स मोजायचं उपकरण, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचा मिळून आकडा देतो. त्यात बहुतांश ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा असतात, पण आम्लही असतं. त्यामुळे आंबट डाळिंबाचा ब्रिक्सही १५ च्या वर जाऊ शकतो. जिभेला जाणवतं ते साखर आणि आम्ल यांचं प्रमाण, म्हणून दोन्ही मोजावी लागतात.

आम्ल मोजायला १० मिली रस घ्या आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेशन करा, म्हणजे आम्ल शमेपर्यंत ते थोडं थोडं मिसळत जा. समजा ७ मिली लागलं. ७ × ०.१ × ०.०६४ (सायट्रिक आम्लाचा ठरलेला गुणक) × १०० भागिले १०, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या हिशेबात सुमारे ०.४५ टक्के. ब्रिक्स १५.५ असेल तर प्रमाण ३४ च्या आसपास येतं, म्हणजे फळ गोड. आता ब्रिक्स तोच १५.५, पण आम्ल १.५ टक्के धरा. प्रमाण १० वर येतं आणि घास तोंडात घेताच डोळे मिटतात. रिफ्रॅक्टोमीटरनं दोघांना एकच गुण दिलेले असतात.

टायट्रेशनमधली नेहमीची अडचण म्हणजे आम्ल शमल्याची खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग. भगव्याच्या लाल रसात तो दिसणार कसा? त्यात भर म्हणजे अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइड) पडत जाईल तसा अँथोसायनिन स्वतःच रंग बदलतो. लाल रस जांभळट, मग निळसर-हिरवट होतो आणि मोजणारी पोरं वाटेल तिथे थांबतात. रस डिस्टिल्ड पाण्यानं चांगला पातळ करा, किंवा सरळ पीएच मीटर लावून ८.२ ला थांबा. रिफ्रॅक्टोमीटरही आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला आणा. जतच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेलं उपकरण घेऊन बांधावर आकडे वाचू नयेत, हे वेगळं सांगायला नको. रस आणि उपकरण दोन्ही सावलीत गार होऊ द्या, आणि उपकरणात तापमान-दुरुस्तीची सोय आहे का ते बघा.

एक फळ कापून निकाल देणं

सौद्यात चव बघायला एक फळ कापतात, ते ठीक. वाण ठरवायला ते पुरत नाही. निरनिराळ्या झाडांवरून, वरच्या आणि आतल्या फांद्यांवरून निदान दहा फळं घ्या. वजन करा, सोला, दाण्यांचं वजन वेगळं करा. ३०० ग्रॅमच्या फळात १८० ग्रॅम दाणे निघाले, तर दाण्याचा वाटा ६० टक्के. शंभर दाणे मोजून त्यांचंही वजन घ्या. टपोरेपणावरचे वाद त्यानं मिटतात. जाड सालीचं फळ हातात भारदस्त लागतं, पण रसवाल्यानं पैसे सालीचे मोजायचे नसतात.

रस काढायची रीत सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा. अख्खं फळ दाबलं की सालीतली आणि पांढऱ्या पडद्यातली टॅनिनं (तुरट द्रव्यं) रसात उतरतात. रस तुरट होतो आणि पॉलिफिनॉलचा (टॅनिनं ज्या गटात मोडतात त्याचा) आकडा फुगतो. एका वाणाचे दाणे फडक्यातून पिळले आणि दुसऱ्याचं फळ सालीसकट दाबलं, तर मोजला गेला तो यंत्रातला फरक.

रस किंवा दाणा बिघडला, तर आधी हे बघा

रस काळपट आला तर विळी किंवा पातेलं लोखंडाचं आहे का ते तपासा. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळं पडतं. स्टेनलेस स्टील वापरा. रस कडवट असेल तर मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या असतील. बाहेरून धडधाकट फळात दाणे तपकिरी आणि मऊ निघाले, तर बहुधा काढणी लांबली आहे. वाण बदलण्याआधी पुढच्या बहाराला लवकर तोडून बघा. साल तडकली असेल तर पाण्याच्या पाळ्या तपासा. लांब ताण आणि मग एकदम भरपूर पाणी किंवा पाऊस, हे सगळ्यात नेहमीचं कारण. बोरॉन आणि कॅल्शियमची कमतरता त्यानंतर.

वापर न ठरवता वाण निवडणं

अनारदाण्याला (मसाल्यासाठी वाळवलेल्या दाण्यांना) आंबट फळ लागतं. भगवा वाळवून अनारदाणा करायला गेलात तर गोड, चिकट माल हाती येईल. त्यासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सोलापूर अनारदाना वाण आहे. त्याच केंद्राच्या, २०१७ मध्ये आलेल्या सोलापूर लालमध्ये लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त आहे. तो प्रक्रियेच्या कामाचा. निर्यातीला मात्र भगव्याची साल हवी.

प्रयोगशाळेत नमुना पाठवताना पिशवीवर नुसतं ‘भगवा’ लिहू नका. बहार, फूल लागल्याचा महिना, तोडणीची तारीख, शेवटचं पाणी कधी दिलं आणि फळं किती झाडांवरची, एवढं लिहा. जोडीला शेजाऱ्याच्या बागेतला त्याच बहाराचा, त्याच आठवड्यात तोडलेला नमुना पाठवा आणि दोन्हींचा रस एकाच रीतीनं काढायला सांगा.