अँथ्रॅक्स माशीच्या नोंदी करताना या चुका टाळा

कुंभारणीच्या मातीच्या घरट्यातून कधी कधी कुंभारणीऐवजी काळसर पंखांची एक माशी बाहेर पडते. ती बॉम्बिलिडी कुलातील अँथ्रॅक्स प्रजातीची (प्रजाती म्हणजे जीनस, अनेक जातींचा गट) असू शकते. मात्र पंखांवरचे काळे डाग पाहूनच हे नाव देणे, ही सर्वांत मोठी चूक आहे. एक्झोप्रोसोपा, लिगायरा आणि हेमिपेंथेस या जवळच्या प्रजातींचे पंखही असेच रंगलेले असतात. खरी खूण शृंगिकेच्या (डोक्यावरच्या स्पर्शिकेच्या) टोकाशी आहे: अँथ्रॅक्समध्ये तेथे बारीक केसांचा झुपका असतो, आणि तो भिंगाखालीच नीट दिसतो. त्यामुळे केवळ वरून काढलेल्या छायाचित्रावरून निर्णय देऊ नये. डोक्याचे समोरून, अगदी जवळून एक छायाचित्र घ्यावेच.

दुसरी चूक जुन्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घेण्याची. स्कोपोली यांनी १७६३ मध्ये ही प्रजाती स्थापन केल्यानंतर फाब्रिसियस, वीडेमान आदी कीटकशास्त्रज्ञांनी तिच्यात इतक्या जाती घातल्या की, त्यांपैकी अनेक पुढे अन्य प्रजातींत हलवाव्या लागल्या. म्हणून जुन्या यादीतले ‘अँथ्रॅक्स’ आजच्या अर्थाने अँथ्रॅक्स असेलच असे नाही. संशोधकाच्या नावाभोवतीचा कंसही गाळू नये; ‘अँथ्रॅक्स अँथ्रॅक्स (श्रांक, १७८१)’ यातील कंस सांगतो की, ही जाती मुळात दुसऱ्या प्रजातीत वर्णिलेली होती.

नावाचा शोध घेताना काळपुळी (इंग्रजीत ‘अँथ्रॅक्स’) रोगाचीच माहिती समोर येते. दोन्ही नावांचे मूळ कोळशासाठीच्या ग्रीक शब्दात आहे. शोधताना कुलाचे नाव जोडावे.

प्रसाराचा नकाशा काढताना तर विशेष जपावे लागते. प्रजाती जवळजवळ जगभर आढळते, पण तिच्या प्रत्येक जातीचे क्षेत्र निराळे आहे: अँथ्रॅक्स अँथ्रॅक्स युरोपात परिचित आहे, तर अँथ्रॅक्स डिस्टिग्मा भारत आणि आग्नेय आशियात. नमुन्याच्या जुन्या चिठ्ठीवर नुसते ‘पूर्व हिंदुस्थान’ असेल, तर नकाशावर नेमका ठिपका देऊ नये. एखाद्या जिल्ह्यातून नोंद नाही म्हणजे तेथे माशीच नाही, असेही समजू नये, कारण पुष्कळदा तेथे कोणी शोधलेलेच नसते.

शेवटची चूक मला फार खटकते: रिकामे कोषावरण फेकून देणे. प्रौढ माशीला माती फोडता येत नाही. डोक्यावरच्या टणक काट्यांनी भिंत पोखरतो तो कोषच, आणि माशी उडून गेल्यावर त्याचे आवरण बहुधा भोकातच अडकून राहते. ते माशीच्याच टाचणीवर, घरट्याच्या तुकड्यासह आणि यजमान कीटकाच्या (ज्याच्या घरट्यात ती वाढली त्याच्या) नावासह लावावे.