रिचार्जेबल सेलला वायर जोडताय? या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक वाड्या त्यानंतर बरेच दिवस अंधारात होत्या. मला तरी तेव्हापासून जुन्या लॅपटॉपचे सेल काढून घरी दिवे करणारी पोरं जास्त दिसू लागली. गणपतीत मखराची लायटिंग, शिमग्यात पालखीपुढचे दिवे, नाहीतर रात्री खेकडे पकडायला जाताना डोक्याला बांधायचा टॉर्च. हौस चांगली आहे. फक्त सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवताना बहुतेकांचं जे चुकतं ते साधं नाही, कारण सेलच्या डब्यात पेट घेणारं द्रावण भरलेलं असतं.

मुळात सेलवर सोल्डर करायचंच कशाला?

पहिली चूक इथेच होते. १८६५० सेलसाठी, म्हणजे लॅपटॉपमधल्या त्या गोल लिथियम-आयन सेलसाठी, प्लास्टिकचा होल्डर मिळतो, त्याच्या पायांना हवं तेवढं सोल्डर करा. पट्टी लावलेले सेलही विकत मिळतात. कंपनीच्या पॅकमध्ये निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने बसवलेली असते. त्यात करंटचा झटका काही मिलिसेकंदच टिकतो, त्यामुळे उष्णता आत शिरायच्या आधीच काम संपतं.

जुना पॅक फोडताना लोक नेमकी हीच पट्टी पक्कडीने पिळून उपटतात. तसं करू नका. पट्टी दोन सेलच्या मधोमध कापा, तिचं टोक सेलपासून लांब वळवा आणि वायर त्या टोकाला जोडा. फुकटात मिळालेली इतकी चांगली जागा सोडून सेलच्या डोक्यावर आयर्न टेकवण्यात काही शहाणपणा नाही. एका वेळी एकच पट्टी कापा. त्याआधी हातातल्या अंगठ्या, बांगड्या, कडी, धातूचं घड्याळ उतरवून ठेवा.

छोटं आयर्न म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज

होल्डर बसत नाही, पट्टीही नाही, वायर थेटच जोडावी लागणार, अशी वेळ कधीतरी येते. अशा वेळी माणूस घाबरून २५ वॉटचं बारीक टोकाचं आयर्न घेतो. सर्किट बोर्डाला ते ठीक आहे. सेलचा स्टीलचा डबा मात्र उष्णता भराभर ओढून घेतो आणि आयर्नचं टोक थंड पडतं. सोल्डर वितळत नाही म्हणून माणूस दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो आणि तेवढ्या वेळात सेल आतपर्यंत भाजून निघतो. तवा नीट तापला नसेल तर घावन चिकटतं आणि करपतं, त्यातलाच प्रकार.

आतलं गणित असं आहे. सेलच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्यातलं पॉलिइथिलीन १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) वितळायला १८३ अंश लागतात आणि आयर्नचं टोक असतं साडेतीनशेच्या घरात. म्हणजे सोल्डर लागेल आणि पडदा वाचेल, असं तापमान नाहीच. आपल्या हातात आहे तो फक्त वेळ.

म्हणून ६० ते ८० वॉटचं आयर्न आणि रुंद, छिन्नीसारखं टोक घ्या. सेलचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि रोझिन फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर धरायला मदत करणाऱ्या राळेचा, ठिपका लावा. आयर्न पूर्ण तापल्यावरच सोल्डरचा छोटा थेंब बसवा. टेकवायचं ते एक-दोन सेकंदच. बसला नाही तर आयर्न उचला, सेल हाताला गार लागेपर्यंत थांबा आणि मग पुन्हा बघा. वायरच्या टोकाला वेगळं सोल्डर चढवून ठेवा. सेल थंड झाला की वायर थेंबावर ठेवून एकदाच टेकवा. घाईने केलेल्या एका लांबलचक टेकवणीपेक्षा मध्ये दम घेऊन केलेल्या दोन छोट्या बऱ्या. शिसंविरहित सोल्डरला २१७ अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून इथे शिशाचंच सोयीचं. नंतर मात्र हात साबणाने धुवा, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नका.

धन टोकाची भानगड

ऋण टोक म्हणजे डब्याचा सपाट तळ. धन टोकाच्या टोपीखाली बरीच गर्दी असते: प्लास्टिकचा गॅस्केट, दाब वाढला की वायू सोडणारी झडप आणि बहुतेक सेलमध्ये करंट तोडणारी चकतीही. जास्त उष्णता दिली की गॅस्केट मऊ होतो. टोपीच्या कडेच्या भोकांवर सोल्डर पसरलं तर झडपेची वाटच बुजते. तेव्हा धन टोकाला हात आणखी चलाख हवा.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. धन टोकाभोवतीची गोल कडासुद्धा ऋणच असते, कारण ती त्याच डब्याची कड आहे. मध्ये फक्त रंगीत प्लास्टिकचं आवरण आणि एक कागदी चकती असते. आयर्न घसरून आवरण वितळलं, त्यावरून सोल्डर ओघळलं किंवा वायरचा एखादा तंतू कडेला टेकला, की थेट शॉर्ट. काम सुरू करण्यापूर्वी इन्सुलेशनची चकती चिकटवा. आवरण फाटलेलं असेल तर आधी नवीन श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. दहा रुपये वाचवायची ही जागा नाही.

पातळ पाऊचवाल्या लिपोचं (लिथियम-पॉलिमर सेलचं) वेगळंच असतं. तिची धन पट्टी सहसा ॲल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरतच नाही. तिच्या आधीच लावलेल्या वायरी वापरा, आणि कापायच्या असतील तर एकेक. कटरमध्ये दोन्ही एकदम धरल्या तर ठिणगी पडणारच.

भरलेला सेल, जुळवून न घेतलेले सेल

४.२ व्होल्टपर्यंत भरलेल्या सेलवर काम करू नका. ३.६ ते ३.७ व्होल्टवर आणून मग जोडा. काही बिघडलंच तर आत ऊर्जा कमी असते.

समांतर जोडण्याआधी दोन्ही सेल मल्टिमीटरने मोजा. एक ४.१ आणि दुसरा ३.४ वर असेल तर फरक ०.७ व्होल्टचा. दोघांचा मिळून अंतर्गत रोध साधारण ०.१ ओहम धरला तर जोडताक्षणी सात अँपिअर वाहतील. दोघांमधला फरक ०.०५ व्होल्टच्या आत आणा.

ॲसिड फ्लक्स आणि खारी हवा

सोल्डर धरत नाही म्हणून पत्र्याच्या कामाचं ॲसिड आणून लावतात. झटक्यात धरतं, म्हणून लोक खूशही होतात. पण त्याचा उरलेला अंश हवेतला दमटपणा ओढतो आणि धातू खात राहतो. देशावर हा जोड कदाचित वर्षभर टिकेल. हर्णै, मालवण, देवगडला समुद्रावरचं मीठ त्यात मिसळतं आणि एका पावसाळ्यात वायर कळंकून हिरवी पडते, कधी आवरणाच्या आत दिसणारही नाही इतकी खोलवर. रोझिन फ्लक्सच वापरा, तोही अल्कोहोलने पुसून काढा आणि जोडावर आतून गोंद असलेलं श्रिंक चढवा. होडीवर न्यायचं असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्या, आणि वायर सेलच्या अंगाला टेपने बांधा, म्हणजे हादरे जोडावर येणार नाहीत.

निकेलची पट्टी घेतानाही फसवणूक होते. निकेलचा मुलामा दिलेलं स्टील शुद्ध निकेल म्हणून विकतात. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण दोन्हींना चिकटतो. तुकडा पॉलिश पेपरने खरवडून समुद्राच्या पाण्यात ठेवा. एक-दोन दिवसांत गंज आला तर ते स्टील. आपल्याकडे या चाचणीला खर्च शून्य.

जोडलं, पण चालत नाही

सोल्डर गोळा होऊन घरंगळतंय? पृष्ठभाग अस्वच्छ आहे किंवा आयर्न कमी पडतंय. जास्त वेळ धरणं हा त्यावर उपाय नाही.

टीपी४०५६ चं, म्हणजे सेल चार्ज करणारं, संरक्षणवालं मॉड्यूल लावलं आणि आउटपुट शून्य? सेल नव्याने जोडल्यावर संरक्षण कधीकधी बंदच राहतं. आधी ध्रुव बरोबर आहेत ना ते तपासा, मग मोबाइलच्या चार्जरने क्षणभर ५ व्होल्ट द्या. बहुधा जागं होतं.

दिवा मंद झालाय, पण सेल मात्र भरलेला? दिवा चालू असताना मीटरची एक काडी सेलच्या टोकाला आणि दुसरी जोडापलीकडच्या वायरला लावा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. शेकड्यात गेलं तर जोड कच्चा आहे, सेल फेकू नका.

सोल्डर केलेल्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज तारखेसह टेपवर लिहा आणि कशालाही न जोडता आठवडाभर ठेवा. शतांश व्होल्टचा फरक चालतो. दशांशाने उतरला तर आत पडदा दुखावला आहे, तो सेल वापरातून काढा.

आणि सेल काही न करता गरम होऊ लागला, फुगला, फुसफुसला, तर घराबाहेर काढा. सुकी झावळी, गवताची उडवी, लाकूडफाटा यांपासून लांब, अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवा. हाताळण्यासारखा राहिलाच नसेल तर हाताळू नका, माणसं बाहेर काढा. त्याच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं, वास घ्यायला जवळ जाऊ नका. एखादाच छोटा सेल पेटला तर लांबून भरपूर पाणी ओतत राहा, कारण त्याला थंड करणं हेच काम असतं. वाळूने ठिणग्या अडतात, आतली उष्णता उतरत नाही.

बाद सेल 'मारायला' मिठाच्या पाण्यात टाकण्याची पद्धतही सोडा. बऱ्याचदा टोकं गंजून जातात आणि आतला चार्ज तसाच राहतो, म्हणजे मीटरला मेलेला दिसणारा सेल प्रत्यक्षात जिवंत असतो. त्यापेक्षा छोटा बल्ब लावून सावकाश उतरवा, टोकांना टेप लावा आणि ई-कचऱ्यात द्या.