जुनाट दुखणं आणि थकवा : घरच्या घरी स्वसंमोहन कसं करावं

चिकुनगुनिया होऊन वर्ष लोटलं तरी सकाळी मूठ वळत नाही. फायब्रोमायल्जियाचा, म्हणजे स्नायूंच्या जुनाट दुखण्याचा, ठणका अंगभर फिरतो. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याच्या आजारात, नुसती आंघोळ केली तरी दुसरा दिवस अंथरुणात जातो. संमोहनानं, म्हणजे अंग सैल सोडून, लक्ष एकवटून मनाला सूचना देण्यानं, यातला कुठलाही आजार बरा होत नाही, पण दुखण्याचा जाच कमी होऊ शकतो. १९९७ साली मेंदूच्या स्कॅनवर हे दिसलं आहे. संमोहित माणसांचा हात तेवढ्याच कढत पाण्यात होता, पण दिलेल्या सूचनेप्रमाणे त्याचा त्रास कमी-जास्त वाटला आणि मेंदूच्या संबंधित भागातली हालचालही तशीच बदलली.

आपल्याकडे संमोहन म्हटलं की अंगात येणं आठवतं. तसलं काही नाही. शुद्ध हरपत नाही, समुद्राची गाज ऐकू येत राहते, हवं तेव्हा डोळे उघडता येतात.

आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ तपासून घ्या. ताप येतो, वजन घटतं, हातापायातली ताकद जाते किंवा लघवीवरचा ताबा सुटतो, तर संमोहनात वेळ घालवू नका. फिट येत असतील किंवा भास होत असतील तर हे एकट्यानं करू नका.

बैठक. पडवीतली पाठीला टेका देणारी खुर्ची उत्तम. पाठ खूप दुखत असेल तर चटईवर आडवं व्हा आणि गुडघ्यांखाली उशी घ्या. जेवल्याबरोबर बसलात तर झोप लागते, आणि मग सूचना वाया जातात. दिवसातून दोनदा, १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी. आधी आणि नंतर दुखणं ० ते १० मध्ये वहीत लिहा.

उतरणं. नजरेच्या जरा वर, कौलाखालच्या वाशावर एक ठिपका धरा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पापण्या जड झाल्या की मिटू द्या. मग दहापासून एकपर्यंत मोजत, मनातल्या मनात चिऱ्याच्या पायऱ्यांवरून पुळणीकडे उतरा. प्रत्येक पायरीला एक अवयव सैल सोडा: कपाळ, जबडा, खांदे. जबडा बहुतेकांचा राहून जातो, तिथं दोन श्वास जास्त थांबा.

बधिर हात. ही युक्ती सर्वात उपयोगी. पहिले काही दिवस बसण्याआधी हात मिनिटभर विहिरीच्या गार पाण्यात बुडवा, म्हणजे त्या गारव्याची आठवण ताजी राहते. (गारव्यानं बोटं पांढरी पडत असतील तर नुसती कल्पना करा.) डोळे मिटल्यावर तोच गारवा बोटांपासून मनगटापर्यंत चढू द्या. हात जडशीळ झाला की तो दुखऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि बधिरपणा तिथं झिरपतोय असं अनुभवा. पहिल्या आठवड्यात फारसं काही जाणवणार नाही. जोर लावलात तर तेवढंही जाणवणार नाही.

सूचनेत ‘दुखत नाही’ म्हणू नका, मन ‘दुखणं’च पकडतं. ‘गुडघ्यात ऊब पसरतेय’ म्हणा, आणि तेही घरच्या बोलीत. मालवणी माणसानं ‘खांदो सैल जाता हा’ असंच म्हणावं, पुस्तकी भाषेत सूचना परकी वाटते. स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. मात्र गाडी चालवताना किंवा होडीवर असताना ती ऐकू नका.

परत येणं. एक ते पाच मोजा, बोटं हलवा, अंगाला ताण द्या, दोन मिनिटं बसून मगच उठा.

सर्वात महाग पडणारी चूक यानंतर घडते. दुखणं सातावरून चारावर आलं की माणूस थेट भाताच्या लावणीला वाकतो. क्रॉनिक फटीगमध्ये श्रमाचा दणका बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो, म्हणून करताना कळतच नाही. त्यामुळे थकवा असणाऱ्यांनी ‘माझ्यात भरपूर ताकद आहे’ ही सूचना देऊच नये. ‘दमण्याआधी मी थांबतो, थांबलो की अंग निवतं’ ही द्यावी. लावणीची पात अर्धी राहिली तरी चालेल, कुणी नावं ठेवली तरी.

बसल्यावर जुनी दुःखं उसळून आली, रडू आवरेना, तर तिथंच डोळे उघडा. असं पुन्हा झालं किंवा सहा आठवड्यांत वहीतले आकडे हललेच नाहीत, तर तज्ज्ञ गाठा: मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. ‘तीन बैठकांत गोळ्या बंद’ असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. गोळ्या कमी करायच्या की नाही, ते लिहून देणारे डॉक्टरच ठरवतील.