रोमन ब्रिटनवर लिहिताय? या चुका टाळा

या विषयावरचे लेख तपासायला येतात, तेव्हा एक वाक्य हमखास भेटतं: ‘ज्यूलियस सीझरने ब्रिटन जिंकलं.’ नाही जिंकलं. इ.स.पू. 55 आणि 54 मध्ये तो दोनदा उतरला आणि दुसऱ्या खेपेला ओलीस व खंडणी ठरवून परत गेला. मागे फौज ठेवली नाही. (‘आलो, पाहिलं, जिंकलं’ही इथे चिकटवू नका, ते आजच्या तुर्कस्तानातल्या झेलाच्या लढाईचं.) खरा कब्जा सुरू झाला इ.स. 43 मध्ये, सम्राट क्लॉडियसच्या काळात. ‘सुरू झाला’ असंच लिहा, कारण सतराएक वर्षांनी बूडिका या स्थानिक राणीच्या उठावात लंडनसकट तीन शहरं जळून खाक झाली.

आजच्या स्कॉटलंडमधल्या मॉन्स ग्रॉपियसच्या लढाईत शत्रूचे 10,000 मेले, रोमनांचे फक्त 360, हा आकडा रोमन इतिहासकार टॅसिटसचा. त्या लढाईतला रोमन सेनापती अग्रिकोला त्याचा सासरा! तेव्हा ‘टॅसिटसच्या मते’ हे दोन शब्द गाळू नका.

सम्राट हेड्रियनने ब्रिटनच्या उत्तरेत बांधून घेतलेली भिंत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा नव्हे. ती अख्खी आजच्या इंग्लंडात आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सैनिकांचा. सिनेमातला लाल झगेवाला, थेट इटलीहून आलेला गडी डोक्यातून काढा. सरहद्दीवरच्या किल्ल्यांत बहुतेक सहायक पलटणी असत, आजच्या बेल्जियम, नेदरलँड्सकडच्या, काही तर सीरियाच्या. याच भिंतीजवळच्या विंडोलँडा किल्ल्याच्या ओल्या मातीत शाईने लिहिलेली पातळ लाकडी फळकुटं टिकून राहिली. 1973 पासून ती सापडताहेत. त्यातलं एक म्हणजे तुंग्रियन (आजच्या बेल्जियमकडच्या) पलटणीचा 18 मेचा हजेरीपट. पटावर 752. पैकी 456 बाहेर, त्यातले 337 एकट्या कोरियाला (देश नव्हे, आजचं इंग्लंडातलं कॉर्ब्रिज), 46 गव्हर्नरच्या माणसांत. किल्ल्यात उरले 296. त्यातही 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे चक्क डोळे आलेले. कामाचे राहिले 265. ‘सातशेची सज्ज शिबंदी’ लिहिण्याआधी ही वजाबाकी करा.

आणि हो, हा पट भिंतीच्या निदान पाव शतक आधीचा आहे. भिंतीचं काम निघालं 122 च्या सुमारास. तेव्हा मथळ्यात ‘भिंतीवरचे पहारेकरी’ नको.